भोये मामा आणि नळीचा नियम

सोळा मे, शुक्रवार. काम : उद्यासाठी सहा पिशव्या भरणे.

खरं तर हे तासाभराचं काम. मी ते सकाळी दहाला हातात घेतलं आणि संध्याकाळी पाच वाजले तरी ते संपलं नव्हतं.

आमचं एक पथक आहे. गोदावरीत किंवा आसपासच्या धरणांत कोणी बुडालं की आम्ही शोधायला जातो. पाठीला हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणारे नऊ जण आहोत, सगळे आपापली नोकरी-धंदा सांभाळून. सामान माझ्याकडे असतं, कारण पंचवटीत आमचं पंप आणि पाइपांचं दुकान आहे, दुकानामागे गोदाम आहे, आणि वस्तू जिथल्या तिथे ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. यंदा सहा नवीन जण शिकायला आले. पाच महिने ते विहिरीत शिकले. सतरा मेला त्यांना पहिल्यांदाच धरणाच्या उघड्या पाण्यात उतरवायचं होतं.

मास्क, अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट, पायात घालायचे पंखे, हवेचं जाकीट, तोंडात धरायचा रेग्युलेटर, वजनाचा पट्टा. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. वाद स्नॉर्कलचा. स्नॉर्कल म्हणजे पाण्यावर पालथं तरंगताना श्वास घ्यायची ती वाकडी नळी. एक टोक तोंडात, दुसरं डोक्याच्या वर. पाठीवर हवेनं भरलेलं अख्खं सिलिंडर असणाऱ्या माणसानं ती बरोबर घ्यायची की नाही?

शिरसाट सकाळी अकराला आले. ते शाळेत खेळाचे शिक्षक आहेत आणि पथकात माझ्याआधीपासून आहेत. त्यांनी सहाही पिशव्यांतून नळ्या काढल्या आणि काउंटरवर ठेवल्या. म्हणाले, “मामांचा नियम. नळी नाही.”

दुपारी दोनला निलोफर ड्यूटी संपवून आली. ती परिचारिका आहे. तिने काउंटरवरच्या नळ्या उचलून पुन्हा पिशव्यांत टाकल्या. “ताई, मामांनी स्वतः मला सांगितलं होतं, नळी ठेव म्हणून. उघड्या पाण्यात नळीशिवाय पाठवायचं म्हणजे काय?”

चारला शिरसाट पुन्हा आले.

साडेचारला दिंडोरीकडचा एक शेतकरी फिटिंग घ्यायला आला होता. त्याने काउंटरवरची एक नळी उचलून वाकवून पाहिली आणि विचारलं, “वहिनी, हे ड्रिपला चालंल का?” त्या दिवसभरात नळीबद्दल विचारलेला सरळ प्रश्न तेवढा एकच.

अडचण अशी की शिरसाट खोटं बोलत नव्हते आणि निलोफरही नाही. दोघं ज्यांच्या नावाने भांडत होते त्या भोये मामांना जाऊन नऊ महिने झाले होते, त्यामुळे त्यांना विचारायची सोय नव्हती. मात्र ते असते तरी उत्तर मिळालं असतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

मामा पहिल्यांदा दुकानात आले त्याला आठ वर्षं झाली. बुटके, काटक, पायात रबरी चपला, केस पूर्ण पांढरे. त्यांनी खिशातून एक जुनी ओ-रिंग काढली, म्हणजे पंपाच्या जोडात बसते ती रबराची गोल कडी, आणि म्हणाले, “ह्या मापाची दे.” मी दिली. त्यांनी ती तोंडात टाकली आणि दाढेखाली धरून चावली.

“हे मेलेलं रबर हाय.”

“अहो, नवीन आहे. कालच माल आलाय.”

“नवीन हाय ना. पर मेलेलं हाय.”

अशा सात चावल्या. आठवी चावताना त्यांचे डोळे जरा बारीक झाले, आणि म्हणाले, “ही जित्ती.” मी सांगितलं की चावलेला माल आम्ही परत घेत नाही. त्यांना ते एकदम पटलं. “मग चावलेल्या समद्या दे. मेलेल्या बी कुठं तरी लागतात.” ग्राहक असून पहिल्या वाक्यापासून अगं-तुगं. मला रागवायला सवड मिळाली नाही, कारण मी त्यांनी काढून ठेवलेल्या त्या सात कड्या बोटांनी दाबून बघत होते. मला काहीच फरक कळत नव्हता. वीस वर्षं मी त्या विकत होते.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले तेव्हा म्हणाले, “रबर इकतेस, पर ते कुठं बसतं ते बघितलंस का कधी?” नव्हतं बघितलं. त्यांनी पिशवीतून रेग्युलेटर काढला, काउंटरवर खोलला आणि दाखवला. तुकडे माझ्याकडे सरकवून म्हणाले, “आता तू जोड.” मी जोडला. ते म्हणाले, “पोहता येतं?” मी सायखेड्याची. नदीकाठच्या मुलीला हे विचारायची पद्धत नाही. मी तसं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, “माहेरी इहीर हाय?”

अशी मी पथकात आले, आणि अशी माझ्या माहेरची विहीर पथकाची शाळा झाली.

मामा पेठ तालुक्यातले, अगदी आतल्या डोंगरातल्या गावचे. “आमच्या गावात उन्हाळ्यात हंडाभर पाणी नसायचं,” ते सांगायचे, “आन् सरकारनं मला नेऊन समुद्रात टाकला.” नौदलात ते पाणबुड्या होते, म्हणजे बोटीवरचे नव्हे, बोटीखालचे. निवृत्त होऊन म्हसरूळला दोन खोल्या बांधल्या. इथे कोणी बुडालं की गळ आणि दोर टाकून शोधतात हे पाहून त्यांनी आपणहून उतरायला सुरुवात केली आणि चार-पाच जणांना शिकवलं. सिलिंडरला ते बाटला म्हणायचे. बोलण्यात अर्धी पेठची बोली, अर्धी नौदलातली हिंदी. खूप चिडले की फक्त हिंदी.

त्यांचं एक वागणं मला पहिल्यापासून आवडलं. काठावर पोचलं की पोलीस सांगू लागत, कपडे कसले, उंची किती, कुठे बुडाला. मामा आधी नातेवाइकांकडे जायचे आणि विचारायचे, “नाव काय त्याचं?” एकदा मी म्हटलं, नावाचा काय उपयोग, पाण्यात काही दिसत तर नाही. ते म्हणाले, “दिसत नाय म्हणून तर. नाव नाय म्हाईत तर हाक कशी मारू?” पाण्याखाली तोंडात रेग्युलेटर धरून ते खरंच हाक मारायचे का, हे मला माहीत नाही. त्यांच्या बाजूने जाताना एक घुमल्यासारखा आवाज यायचा. बुडबुड्यांचाही असेल.

विहिरीत शिकवायची त्यांची पद्धत ठरलेली होती. माझा धाकटा भाऊ आधी मोटर बंद करायचा, आणि दर वेळी तेच म्हणायचा, “अक्का, कांद्याला पाणी द्यायचंय, किती वेळ माणसं बुडवणार आहेस?” मामा काठावर पाय सोडून बसायचे. खाली गेलेल्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला. वर येताना आधी एक हात डोक्यावर. डोकं पाण्याबाहेर आलं की तोच हात बाजूला. हाताला विहिरीचा दगड लागला की तो घट्ट धरायचा. आणि मग, त्यानंतरच, तोंडातला रेग्युलेटर काढायचा. “भिंत धर!” वरून आवाज यायचा. “भिंत हाताला लागल्याबिगर तोंडातलं काढायचं नाय!” घाबरलेला माणूस वर येताच तोंडातलं भिरकावून देतो आणि नेमका तेव्हाच गटांगळी खातो, म्हणून हा नियम. आमच्यात तो इतका मुरला की मी एकदा न्हाणीघरात तोंडावर पाणी घेतल्यावर हात बाजूला करून भिंत चाचपली होती.

विहिरीत नळीचा संबंध नसतो. जिथे उतरलात तिथेच वर आलात. भिंत दोन हातांवर.

पण मामांचा नळीवरचा राग विहिरीपुरता नव्हता. नाशिक शहरातला कोणी हौशी माणूस नवीकोरी सामग्री घेऊन आला की मामा पहिल्यांदा त्याच्या मास्कच्या पट्ट्यातून नळी उपटायचे आणि त्याच्या बुटात खोचायचे. “ही घरी नेऊन पोरांना दाखव.” का म्हणून विचारलं तर, “लटकणारं काय नको. लटकलं का अडकलं.” आणखी विचारलं तर सांगायचे की घाबरलेल्याला तोंडापाशी दोन वस्तू दिल्या की तो खाली असताना नेमकी चुकीची तोंडात घालतो. दोन्ही बरोबरच आहे. शिरसाटांनी ते स्वतःच्या अंगावर अनुभवलं.

सायखेड्यापाशीच, नदीत. फाल्गुन-चैत्रात नदीवर जलपर्णीचा असा जाड थर येतो की नदी आहे की गवताचं रान कळत नाही. एका माणसाला शोधत होतो. शिरसाटांनी हट्टाने नळी मास्कला लावून नेली होती. वर येताना ती जलपर्णीच्या मुळांत गुरफटली, त्यांनी डोकं झटकलं आणि मास्क चेहऱ्यावरून निघाला, पट्टा मात्र मानेत अडकून राहिला. डोळ्यांत गाळ, नाकात पाणी, डोक्यावर ते हिरवं जाजम. मामा बाजूला होते म्हणून बरं. त्यांनी सुरीने पट्टा कापला आणि शिरसाटांना कॉलरला धरून बाहेर आणलं. ती नळी त्यांनी काठावरच्या बाभळीला अडकवली. शिरसाट अजून खोकत होते. मामा त्यांना म्हणाले, “सर, ही हितंच राहू दे. येता-जाता बघत जा.” ती अजून तिथे आहे. माहेरी जाताना मी बघते. आता पार पिवळी पडली आहे.

तेव्हा शिरसाट म्हणतात ते खरं.

आता माझं ऐका. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात सराव करत होतो. मी आणि मामा जोडीने उतरलो होतो. तळाशी गढूळ झालं, आमची चुकामूक झाली, आणि ठरल्याप्रमाणे मी वर आले. एक हात डोक्यावर. डोकं बाहेर. हात बाजूला.

भिंत नाही.

मी दुसरीकडे हात केला. तिकडेही नाही. मी गोल फिरले. वारा सुटला होता, लाटा तोंडावर येत होत्या, काठ लांब होता. आणि भिंत हाताला लागली नव्हती, म्हणून मी तोंडातला रेग्युलेटर काढला नाही. डोक्यावर एवढं मोठं आभाळ, हवाच हवा, आणि मी पाण्यावर तरंगत बाटल्यातली उरलीसुरली हवा ओढत भिंत शोधत होते. चव्वेचाळीस वर्षांची, दोन मुलांना शिकवून कामाला लावलेली बाई. बाटला संपला तेव्हा कळलं. रेग्युलेटर काढला, तेवढ्यात लाट आली आणि मी सरळ ती प्यायले. जाकिटात तोंडाने हवा फुंकायची असते, हे मला घरी आल्यावर आठवलं.

मामा कुठून आले कळलं नाही. त्यांनी माझी मान वर धरली, दुसरा हात पाण्याखाली स्वतःच्या मांडीपाशी नेला आणि सुटाच्या खिशातून नळी काढून माझ्या तोंडात कोंबली. “फुंक. जोरात. आता वढ.” फुंकल्यावर नळीतलं पाणी उडालं, मग मी ओढली. श्वास आला. मग पालथं तरंगत, तोंड पाण्यात, श्वास नळीतून, आणि मामा मला बाटल्याच्या तोटीला धरून नांगर ओढावा तसे ओढत काठाला घेऊन गेले. बराच वेळ लागला. त्यात माझ्या तोंडात एकदाही पाणी गेलं नाही.

काठावर त्यांनी मला बसवलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “भिंत शोधीत व्हतीस?”

“हो.”

“धरणाला भिंत एकच असते, ताई. ती तिकडं हाय. लय लांब.”

मी हसले नाही. नंतर, नीट श्वास लागल्यावर म्हटलं, “मामा, तुम्ही आम्हाला नळी घेऊ देत नाही. मग तुमच्या खिशात कशी?”

“ती व्हय? ती पडून व्हती.”

एवढंच. पुढच्या रविवारी विहिरीवर त्यांनी एका नवीन मुलाच्या मास्कवरची नळी उपटून त्याच्या बुटात खोचली.

आणि निलोफरचंही खरं आहे, कारण मी तिथे होते. ती एकदा न सांगता नळी घेऊन आली. मास्कला नाही, पोटरीवरच्या पट्ट्यात खोचून. मामांनी पाहिली. आम्ही सगळे आता काय होतंय म्हणून थांबलो. त्यांनी नळी बाहेर काढली, तोंडाचं रबर दाढेखाली धरून चावून बघितलं, जित्तं निघालं असावं, आणि परत तिच्या हातात दिली. “ठेव. तू ठेव.” शिरसाट म्हणाले, “मामा, मग आम्ही?” मामा म्हणाले, “तुला बोललो का?”

मला अशा गोष्टी चालत नाहीत. एक वस्तू एकतर यादीत असते किंवा नसते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते दुकानात चहाला आले तेव्हा मी यादी समोर ठेवली. म्हटलं, “मामा, एकदाच सांगा. नळी घ्यायची की नाही? मी छापून भिंतीला लावते.”

त्यांनी स्वतःचा चहा संपवला. मग माझाही प्यायला. तसा आमच्यासाठी नियम होता, उतरायच्या दिवशी चहा नाही. ते स्वतः दोन-दोन प्यायचे आणि उतरायचे. तेव्हा त्यांच्या नियमांना त्यांची स्वतःची सूट असायची, हेही मला माहीत होतं.

“तू काय लिवलंस?” त्यांनी विचारलं.

“अजून काही नाही. जागा मोकळी ठेवली आहे.”

“मग बरोबर हाय,” ते म्हणाले आणि उठले.

ती यादी तशीच भिंतीवर आहे. आठवी ओळ मोकळी.

ते गेले ते पाण्यात नाही. गेल्या ऑगस्टमध्ये गावी गेले असताना कावीळ झाली, अंगावर काढली, तीन आठवड्यांत संपलं. निरोप आला तेव्हा आम्ही पुराच्या पाण्यात एका मुलाला शोधत होतो. काम टाकून निघता येण्यासारखं नव्हतं आणि मामांनी निघू दिलंही नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा सापडला, मग आम्ही पेठला गेलो. मामींनी त्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. “हे घेऊन जा बाई. वास मारतंय.” मी नेली, धुतली, सूट गोदामात खिळ्याला टांगला. पुढे त्याला हात लावायचं कारण पडलं नाही.

सोळा मेच्या संध्याकाळी पडलं. पिशव्या भरताना लक्षात आलं की सहा जणांना पाचच सूट धड आहेत. सहावी सुनंदा, मखमलाबादची, रिक्षा चालवते. तिची माझी चण सारखी, म्हणून मी माझा सूट तिला काढून दिला आणि स्वतःसाठी मामांचा उतरवला. तो मला पोटावर घट्ट होतो आणि दंडात सैल, पण चालतो. घालून बघताना मांडीवरच्या खिशात काही तरी टोचलं.

आत नळ्या होत्या. एक नव्हे, दोन. सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने एकत्र बांधलेल्या. एकीच्या तोंडाचं रबर चावून चावून खडबडीत झालेलं, ती त्यांची यात शंका नाही. दुसरीचं तोंड लहान मापाचं. मामांच्या जबड्याला ते बसणार नाही. माझ्या बसतं. मी लावून पाहिलं.

मी गोदामातल्या पाइपांच्या बंडलावर बसले. मला वाटलं, आता समजलं. आम्हाला नळी नको असा नियम होता, कारण आमची नळी त्यांच्या खिशात होती. ते बरोबर उतरत होते तोवर आम्हाला गरज नव्हती. म्हणजे आम्हाला त्यांचा नियम अर्धाच मिळाला. उरलेला अर्धा नऊ महिने या खिळ्यावर लटकत होता. शिरसाट आणि निलोफर दोघंही नियमाच्या एकाच अर्ध्या तुकड्यावर भांडत होते, आणि उद्या सहा जण विहिरीत मुरलेला हात घेऊन उघड्या पाण्यात वर येणार होते, भिंत शोधत.

हे मला इतकं पटलं की मी लगेच मामींना फोन लावला. त्या आता गावीच असतात. नागलीचं रोप टाकायची तयारी चालू होती, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“मामी, मामांच्या सुटात दोन नळ्या मिळाल्या. एक लहान मापाची आहे. ती कोणासाठी ठेवली होती, काही बोलले होते का?”

“कोनाची आसंल? त्याचीच.”

“पण त्यांच्या तोंडाला ती लहान होते.”

“मंग चुकून आनली आसंल. तो दोन-दोन ठेवायचाच. चपलाचे दोन जोड, इळे दोन, चष्मे दोन. येक हारवला का दुसरा.” मग म्हणाल्या, “तुला पायजे का ती?”

“तसं नाही, मामी.”

“पायजे तर घे की. त्यात इचारायचं काय? सूट वाळवलास ना नीट?”

वाळवला होता. मी फोन ठेवला. म्हणजे आता आणखी एक उत्तर झालं : चुकून आणलेली आणि सवयीने बाळगलेली नळी. मामी चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिल्या. मी सात वर्षं, तीही रविवारची. कोणाचं खरं धरायचं? काउंटरवर सहा नळ्या तशाच पडल्या होत्या आणि मला सकाळपेक्षाही कमी कळत होतं. एवढंच नक्की होतं की उद्या सहाजणांची जबाबदारी माझ्यावर आहे आणि मामा येणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाला दुकान उघडलं, शेजारच्या सायकलवाल्याने टाकून दिलेल्या एका जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. कापण्याआधी दाढेखाली धरून पाहिली. अजूनही मला काही कळत नाही. धरणावर पोचल्यावर प्रत्येकाच्या पोटरीला एकेक नळी बांधली. मास्कला नाही. मामांच्या दोन माझ्या खिशात. शिरसाट बघत होते. म्हणाले, “हे कोणत्या नियमात बसतं?” मी म्हटलं, “आठवी ओळ.” निलोफर म्हणाली, “पायाला? पायाला कोण बांधतं, ताई?” मी म्हटलं, “तूच खोचायचीस.”

उतरण्याआधी मी सहाजणांना एकच गोष्ट सांगितली, की इथे भिंत नाही. हात बाजूला केलात तर पाणीच लागेल. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही तेव्हा हलवली असती.

जोड्या लावून पहिली सुनंदा माझ्याबरोबर आली. पंचवीस फूट खाली, गोल फेरी, आणि वर. मी तिच्याआधी दोन सेकंद वर आले आणि तिच्या उजव्या बाजूला थांबले. तिचा हात डोक्यावर आला, मग डोकं, मग तो हात सरळ बाजूला. तो माझ्या खांद्याला लागला. तिने खांदा दगड पकडावा तसा आवळला आणि लगेच तोंडातला रेग्युलेटर काढला.

“भिंत नाही, मी आहे,” मी म्हटलं. “काठ लांब आहे. नळी लाव.”

ती पोटरीकडे वाकली. तिथे काही नव्हतं. ट्यूबची पट्टी सुटून नळी कुठे तरी तळाला गेली होती. रबर मेलेलं निघालं. लाट आली आणि तिने तोंड वर केलं. मी खिशातून लहान मापाची नळी काढून तिच्या तोंडात दिली. “फुंक. जोरात. आता ओढ.”

काठावरून शिरसाट ओरडले, “बघा! बांधलेली नळी हरवली की नाही?”

त्यांच्या शेजारून निलोफर ओरडली, “बघा! नळी लागली की नाही?”

मी दोघांनाही हो म्हटलं, सुनंदाला काठाला सोडलं आणि दुसऱ्याला पाण्यात घेतलं.